चाचणीचा डोळा

"पोचला का गं माझा डोळा?"

रोज सकाळी नवाच्या पुढे-मागे अण्णांचा, माझ्या वडिलांचा, फोन यायचा आणि पहिलं वाक्य हेच असायचं. त्या मंगळवारीही तेच होतं. मी सांगलीत, डोळ्यांच्या रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत नुकतीच खुर्चीवर टेकले होते. अण्णा शंभरेक किलोमीटरवर, जत तालुक्यातल्या संख गावी, शाळेच्या व्हरांड्यात कॅमेरा मांडून बसलेले.

"येतोय अजून. तुमच्याकडं रेंज नाही वाटतं."

"रेंज फुल्ल आहे. फोटो दोनदा काढावा लागला. दस्तगीरचा हात हलला."

मागून आमच्या गाडीचे ड्रायव्हर दस्तगीरमामा ओरडले, "हात न्हाई हलला, ताई! अण्णांनीच पापणी मिटली. म्हातार्‍यांवर खेकसतात, मिटू नका म्हणून, आणि स्वतः मिटतात."

अण्णा डोळ्यांच्या आतले फोटो काढायचे. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. साखर किंवा रक्तदाब वाढला की त्या वाहिन्या झिरपायला लागतात, तुंबतात, फुटतात, आणि माणसाला दिसायचं कमी होईपर्यंत त्याला पत्ता नसतो. रुग्णालयाची गाडी गावोगाव जायची, अण्णा फोटो काढून पाठवायचे आणि आम्ही तिघी-चौघी ते वाचायचो. कुणाला लेझरला बोलवायचं, कुणाला डोळ्यात इंजेक्शन लागेल, कुणाला पुढच्या वर्षी बघितलं तरी चालेल, ही पहिली निवड आमची. मग डॉक्टर.

पहिल्या पेशंटच्या आधी कॅमेरा नीट चालतोय का हे एका माणसावर तपासून बघावं लागे. तो माणूस म्हणजे अण्णा. स्वतःचा फोटो स्वतःला काढता येत नाही, म्हणून ते हनुवटी टेकवून बसायचे आणि दस्तगीरमामा बटण दाबायचे. त्या फोटोला नाव नसे. नंबर चार शून्यं. माझ्या पडद्यावर त्याच्याखाली दोनच चौकटी यायच्या, फोकस आणि उजेड. दोन्हीत टिक केली की दिवसाचं काम उघडायचं. भिंतीवर कागद लावलेला होता: 'चाचणीचा फोटो वाचू नये, नोंदवू नये.' एके वर्षी कुणीतरी तसे फोटो पेशंट म्हणून मोजले होते आणि सगळा अहवाल चुकला होता, त्यानंतरचा तो नियम.

"आला," मी म्हटलं. "फोकस बरोबर. उजेड जरा कमी."

"वाढवतो. आता ऐक. काल गौरव्वा म्हणून बाई होती. तू सहा महिन्यांनी बोलवा असं लिहिलंयस."

"बघितला मी तो फोटो. मध्यभागी काही नाही."

"मध्यभागी नाहीच. वरच्या कडेला बघ. नव्या शिरा फुटायला लागल्यात, बारीक, जाळीगत."

मी फोटो परत उघडला. वरच्या कडेला, पापणीची सावली पडते तिथं, केसाएवढ्या शिरांचा झुबका होता. तो मी सोडला होता.

"दिसलं?"

"दिसलं."

"मग खोड ते सहा महिने. या आठवड्यात लेझर झालं नाही तर बाई आंधळी होईल. तिचा पोरगा ऊसतोडीला गेलाय, आणायला कुणी नाही. मीच घेऊन येतो गुरुवारी गाडीतनं."

"तुम्ही फोटोग्राफर आहात का डॉक्टर?"

"मी हमाल. डोळे वाहून आणतो तुमच्यापर्यंत." ते हसले. "आईला सांग, चटणी संपली. आणि या दस्तगीरला खायला देऊ नको म्हणावं, डबा माझा आणि चटणी तो संपवतोय. ठेवतो. बाया उन्हात बसल्यात."

एवढंच. त्यानंतर अण्णा माझ्याशी बोलले नाहीत.

बुधवारी नऊ वाजले, साडेनऊ वाजले. फोटो आला नाही. दहाला पाच कमी असताना दस्तगीरमामांचा फोन आला. "ताई, अण्णा बोलेनात. तोंड वाकडं झालंय. मी गाडी काढली, जतला चाललोय." मागून हॉर्नचा आवाज सलग येत होता.

जतहून अँब्युलन्सनं सांगलीला आणलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. कोवळ्या चेहऱ्याच्या एका डॉक्टरनं विचारलं, "दाब दोनशे तीस आहे. गोळ्या कोणत्या चालू होत्या?"

"गोळ्या?" आई म्हणाली. "अठ्ठावन्न वर्षांत सर्दीची गोळी घेतली नाही या माणसानं. त्यांना काहीसुद्धा नव्हतं." तिच्या आवाजात तेव्हासुद्धा अभिमान होता.

शुक्रवारी दुपारी अण्णा गेले.

आठव्या दिवशी दस्तगीरमामा घरी आले. आधीही रोज येत होते, पण बाहेर चपलांपाशी बसून जायचे. त्या दिवशी आईनंच आत बोलावलं आणि शेवटच्या सकाळी काय काय झालं ते विचारलं. ते सांगू लागले. चहा झाला, कॅमेरा लावला, अण्णांनी नेहमीसारखी हनुवटी टेकवली. "मी बटण दाबायला गेलो, तर अण्णा बाजूला कलले."

"तू कसलं बटण दाबत होतास?"

"चाचणीचं, वहिनी. रोज पहिला फोटो अण्णांच्या डोळ्याचा. मीच काढायचो."

"डोळ्यात झोत टाकून?"

"व्हय. झगकन उजेड पडतो आणि जातो. लगेच जातो."

"रोज?"

"कॅम्प असंल त्या रोज."

"किती वर्षं?"

दस्तगीरमामांनी माझ्याकडं बघितलं. "नवा कॅमेरा आला तेव्हापासून. सहा वर्षं."

आई उठून उभी राहिली. तेरा दिवस तिनं अंथरुणाबाहेर पाऊल टाकायचं नाही असं मावशीनं बजावलं होतं, तरी उठली. "म्हणजे सहा वर्षं तू त्यांची शीर रोज थोडी थोडी भाजत होतास."

"वहिनी, तसं न्हाई हो होत."

"मग कशानं फुटली? काय होतं त्यांना? साखर होती? दारू होती? आमच्या घरात दिवस मावळल्यावर घास नाही खाल्ला त्यांनी कधी. धडधाकट माणूस तुझ्या गाडीतनं नेलास आणि मढं आणलंस!"

मी तिथंच होते. हातात पाण्याचा तांब्या होता. कॅमेऱ्याच्या झोतानं मेंदूतली शीर फुटत नाही हे त्या खोलीत माझ्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं. गेल्या पाच वर्षांत तो झोत पडलेले हजारो डोळे मी बघितले होते. एक वाक्य बोलायचं होतं. मी तांब्या खाली ठेवला आणि मावशीला म्हटलं, "आईला आडवं करा." दस्तगीरमामा उठले, उंबऱ्यापाशी थांबले, आणि गेले.

दोन दिवसांनी रुग्णालयाचे प्रमुख, डॉक्टर हेरवाडकर भेटायला आले. आईनं त्यांना तेच सांगितलं, जास्त शांतपणे, म्हणून जास्त भयंकर. त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकलं आणि म्हणाले, "वहिनी, मी चौकशी लावतो."

चौकशी! ज्या माणसानं तीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत असले झोत टाकले तो ड्रायव्हरची चौकशी लावत होता. दुसऱ्याच दिवशी दस्तगीरमामांना गाडीवरून उतरवलं.

सुतक संपायची वाट न बघता मी त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"तुम्हाला माहितीय सर, फ्लॅशनं काही होत नाही."

"बस, पद्मजा."

"तुम्ही आईला तेव्हाच का सांगितलं नाही?"

"तेव्हा त्या ऐकण्याच्या स्थितीत होत्या?"

"आणि दस्तगीरमामा? ते कुठल्या स्थितीत आहेत?"

"महिनाभर घरी बसू दे. तुझ्या आईंचा राग निवळला की परत घेऊ." त्यांनी चष्मा काढला. "माणसाला अशा वेळी कुणीतरी लागतं राग काढायला."

"म्हणून तुम्ही गरीब माणूस निवडला."

"निवडला तुझ्या आईनं. मी आड आलो नाही. तूही आली नाहीस, असं ऐकलं."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग आवाज उतरवून म्हणाले, "ड्रायव्हर निर्दोष आहे असं लिहून द्यायला मला दोन मिनिटं लागतील. पण मग पुढचा प्रश्न येतो. झोतानं काही केलं नाही, तर त्या झोतात काय दिसत होतं? सहा वर्षांचे फोटो आहेत. ते कुणाच्या टेबलावर येत होते?"

"नियम तुमचा आहे. वाचू नये."

"हो, माझाच आहे. मी तो बदलीन. मी तुला दोष देत नाही. उलट कुणी देऊ नये म्हणूनच सांगतोय. हे इथंच राहू दे."

मला त्या माणसाचा इतका राग आला की जिना उतरायच्याऐवजी मी वरच गेले, माझ्या खोलीत. मी रजेवर होते. माझ्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसली होती, तिला उठवलं. चार शून्यांचा शोध टाकला. चौदाशे बारा फोटो.

ते मी पहिल्यापासून वाचले. पेशंटचे वाचतात तसे. पहिल्या वर्षी वाहिन्या सरळ होत्या, रंग ठीक होता. दुसऱ्या वर्षी धमन्या बारीक व्हायला लागल्या. चौथ्या वर्षी जिथं धमनी शिरेवरून जाते तिथं शीर दाबलेली दिसत होती, पाण्याच्या नळीवर पाय दिल्यासारखी. रक्तदाबाचं हे इतकं ढोबळ लक्षण आहे की नव्या मुलींना पहिल्या आठवड्यात शिकवतात. मीच शिकवत होते. पाचव्या वर्षी खालच्या बाजूला ज्योतीच्या आकाराचे दोन रक्ताचे डाग. शेवटच्या डिसेंबरात कापसाच्या पुंजक्यासारखा पांढरट ठिपका. रक्त न पोचल्यामुळे सुजलेली जागा. एका गोळीचं काम होतं. सकाळी चहाबरोबर एक गोळी. गौरव्वासाठी अण्णा भांडले होते आणि त्याच खुर्चीत, तिच्या आधी, रोज स्वतः बसत होते.

दुसऱ्या वर्षापासून प्रत्येक फोटोखाली माझ्या दोन टिका होत्या.

डिसेंबरच्या त्या फोटोपाशी मी थांबले. तारीख बघायची मला गरज नव्हती.

संध्याकाळी दस्तगीरमामांच्या घरी गेले, मिरजेला. ते दारातच स्टुलावर बसून सायकलचं पंक्चर काढत होते. मला बघून उठले, हात लुंगीला पुसले. आतून त्यांच्या बायकोनं, जैबूनमामींनी, चहा आणून दिला आणि काही न बोलता आत गेल्या. त्यांचा राग मला कळला. तो बरोबर होता.

"कामावरनं काढलंय म्हणून आलीस का, ताई? आता आराम चाललाय. मामी कामं सांगती, तेवढाच त्रास."

"मामा, थट्टा नको. आई बोलली तेव्हा तुम्ही गप्प का बसलात?"

"बाईचा नवरा गेलाय. बोलणारच."

"आणि हेरवाडकरांपुढं? त्यांनी चौकशीला बोलावलं ना तुम्हाला?"

"बोलावलं की. विचारलं, बिरनाळे, म्हंजे आपले अण्णा, कधी काही बोलले का, डोकं दुखतंय, फोटोत काय दिसतंय, असलं. मी म्हटलं, न्हाई."

"बोलले होते?"

त्यांनी ट्यूब पाण्यात बुडवली. बुडबुडे कुठून येतात ते बघत बसले.

"मामा."

"मी कुणाला बोललो न्हाई, ताई. बोलणारबी न्हाई. मला दोन वर्षांनी तसंबी घरी बसायचंय. तुझं आख्खं आयुष्य पडलंय. लोक काय, कशाचं काय करतील."

"माझं काय करतील?"

"जा घरी आता."

"तुम्ही माझ्यासाठी गप्प आहात?" माझा आवाज चढला. आतली भांडी वाजायची थांबली. "मी सांगितलं होतं तुम्हाला? मला कुणी विचारलं होतं? अण्णा काय बोलले, सांगा."

त्यांनी ट्यूब बाहेर काढली आणि मांडीवर ठेवली. "त्या दिवशी तुझा फोन आला नव्हता का, डिसेंबरात? उमदीला होतो आम्ही. तू विचारलंस, अण्णा, चाचणीच्या फोटोत खाली पांढरं काय दिसतंय. अण्णा म्हणाले, काचेवर धूळ बसलीय."

"हो."

"फोन ठेवला. तो फोटो मशीनवर परत लावून लई वेळ बघत होते. मी म्हटलं, काच पुसू का. म्हणाले, थांब. पोरगी परत फोन करती का बघू. बाहेर पेशंटची लाईन लागलेली. अर्धा तास काम सुरू केलं न्हाई त्यांनी. मग म्हणाले, न्हाई केला. तिनं मान्य केलं, म्हणजे धूळच असंल. तिची नजर माझ्यापेक्षा बारीक हाय." दस्तगीरमामांनी डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहू दिले. "आणि मग काच पुसली, ताई. स्वच्छ काच. माझ्यासमोर पुसली."

मी चहा तसाच ठेवून उठले.

काचेवर धूळ असेल तर ती पुढच्या प्रत्येक डोळ्यात त्याच जागी दिसते. धूळ पेशंटबरोबर उठून जात नाही. हे मला अण्णांनी शिकवलं होतं, मी कामाला लागले त्या पहिल्या दिवशी, माझ्या खांद्यामागं उभं राहून. त्या डिसेंबरात फोन ठेवल्यावर मी आदल्या दिवशीचा चाचणीचा फोटो उघडला होता; तोच ठिपका तिथंही होता. मग त्याच दिवशीच्या दोन पेशंटचे फोटो उघडले. दोन्हीत काहीही नव्हतं. आणि मग मी टिक केली.

आमच्या घरात अण्णांना उलट बोलायची पद्धत नव्हती. त्यांनी कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. नुसते गप्प व्हायचे, दोन-दोन दिवस. आठवीत असताना मी त्यांचं एक गणित चुकलं म्हणून दाखवलं होतं. गणित खरंच चुकलं होतं. त्यांनी वही मिटून ठेवली आणि परत माझा अभ्यास घेतला नाही. त्या माणसानं अठ्ठावन्नाव्या वर्षी मला परीक्षेला बसवलं, न सांगता, स्वतःचा जीव पणाला लावून, आणि अर्धा तास वाट बघितली. मिरजेहून सांगलीपर्यंत बसमध्ये मी दात आवळून बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, दाढ दुखतीय का. मी हो म्हटलं.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, कारण त्यात लपवण्यासारखं काही नाही. या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. मी डॉक्टर हेरवाडकरांना सगळं लिहून दिलं. भिंतीवरचा कागद निघाला; आता चार शून्यांचा फोटो सगळ्यांत आधी वाचतात आणि त्याखाली सही लागते. दस्तगीरमामा गाडीवर परत गेले आणि निवृत्त होईपर्यंत राहिले. गौरव्वाचा गुरुवार मात्र हुकला होता. तिला आणायला महिन्यानं गाडी गेली, तोवर त्या नव्या शिरा फुटून डोळा रक्तानं भरला होता. एक डोळा गेला, दुसरा वाचला. मी तेच काम अजून करते.

पण त्या संध्याकाळी यातलं काही झालेलं नव्हतं. मी घरी पोचले तेव्हा आई स्वयंपाकघरात पाटावर बसून एका कागदावर लिहीत होती. मावशी शेजारी.

"बरं झालं आलीस," आई म्हणाली. "हेरवाडकर नुसतं घरी बसवून मोकळे झाले. मी पोलिसांत देणार आहे. तू नीट भाषेत लिहून दे. मशीनचं नाव घाल, झोत किती असतो ते घाल. त्या ड्रायव्हरला मी सोडणार नाही."

"त्यांनी काही केलेलं नाही, आई."

"तू गप्प बस. तुला काय कळतं त्यातलं?"

"मलाच कळतं. त्याच कामाचा पगार मिळतो मला."

मावशी म्हणाली, "पद्मा, आईशी असं बोलतात का?"

"असं कुणाशीच बोलायला शिकवलं नाही मला या घरात. म्हणून तर हे झालं."

आईनं पेन खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं, पहिल्यांदाच त्या दहा-बारा दिवसांत नीट बघितलं. मी बसले नाही. बसले असते तर बोलले नसते.

"अण्णांना रक्तदाब होता. पाच वर्षं होता. त्या फोटोंत दिसत होता, आणि ते फोटो माझ्याकडं यायचे. पाच वर्षं मी बघितलेच नाहीत. डिसेंबरात एकदा बघितला."

"काय बोलतीयेस?"

"मला त्यांचा राग येतो, आई. इतका येतो की मला अजून रडता आलेलं नाही. त्यांना दिसत होतं. दुसऱ्याच्या डोळ्यातली केसाएवढी शीर दिसायची त्यांना, स्वतःची दिसली नाही असं होईल का? मी विचारलं, तर म्हणाले, काचेवर धूळ आहे. ते खोटं होतं. खोटं आहे हे मला पाच मिनिटांत कळलं. माझ्या हातात फोन होता. मी त्यांना सांगायला हवं होतं, अण्णा, तुम्ही खोटं बोलताय, गाडी सोडा आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. मला ते चुकलेत असं म्हणायची भीती वाटली. त्यांच्या मरण्यापेक्षा मला त्यांच्या गप्प बसण्याची जास्त भीती वाटली, आई, म्हणून मी गप्प बसले."